वाहते पान आणि बांधलेले पान : लहान स्क्रीनसाठीच्या वेबरचनेचा इतिहास

मोबाइल फोनवर सुखाने वाचता येईल असे वेबपान घडवण्याचे शास्त्र स्मार्टफोन बाजारात आल्यानंतर उदयाला आले, असे साधारणपणे मानले जाते. परंतु या व्यवसायाचा सुरुवातीपासूनचा इतिहास तपासला तर असे दिसते की कोणत्याही रुंदीच्या स्क्रीनवर सामावून जाण्याचा गुण वेबपानाला जन्मतःच मिळाला होता, मधल्या काळात तो व्यावसायिकांनीच काढून घेतला, आणि पुढे काही डिझायनरांनी चिकाटीने केलेल्या प्रयोगांतून तो त्याला परत मिळाला. यांतले बरेच प्रयोग मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांबाहेर, रोजच्या कामाच्या ओघात झाले असल्यामुळे या इतिहासात मानके ठरवणाऱ्या संस्था आणि फोनचे उत्पादक यांच्याइतकेच स्थान त्या कारागिरांनाही द्यावे लागते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधनकेंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला, तेव्हा पानाची बांधणी ज्या एचटीएमएल या खुणांच्या भाषेत होत असे तिच्यात मजकुराचा कोणता भाग शीर्षक, कोणता परिच्छेद आणि कोणता दुवा एवढेच सांगितलेले असे. ओळ कोठे तुटावी, अक्षर किती मोठे असावे, हे ज्याच्या यंत्रावर पान उघडले जाई त्याचा ब्राउझर ठरवत असे. खिडकी अरुंद केली की ओळी आखूड होत आणि पान लांबत जाई, खिडकी रुंद केली की ते पुन्हा पसरे. बर्नर्स-ली यांचा ब्राउझर नेक्स्ट कंपनीच्या महागड्या संगणकावरच चाले आणि असे संगणक मोजक्याच लोकांकडे होते, त्यामुळे निकोला पेलो या विद्यार्थिनीकडे दुसरा ब्राउझर लिहिण्याचे काम आले. तिने लिहिलेला ओळवार ब्राउझर केवळ अक्षरे दाखवू शकणाऱ्या साध्यातल्या साध्या टर्मिनलवरही चालत असे; त्यात माउस नव्हता, दुव्यांना क्रमांक दिलेले असत आणि हवा तो क्रमांक टंकला की पुढचे पान उघडे. एकच पान परस्परांहून अगदी भिन्न अशा दोन यंत्रांवर काहीही न बदलता वाचता येणे ही वेबची मूळ प्रतिज्ञा होती, आणि ती एका विद्यार्थिनीच्या कामामुळे पहिल्याच वर्षी प्रत्यक्षात सिद्ध झाली, ही गोष्ट वेबच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जायला हवी.

१९९३ साली अमेरिकेतील मोझॅक या ब्राउझरने मजकुरातच चित्रे दाखवण्याची सोय केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वेब हे व्यापाराचे व जाहिरातीचे माध्यम बनले. या नव्या कामावर आलेले डिझायनर प्रामुख्याने छपाईच्या क्षेत्रातले होते. कागदाची लांबी-रुंदी ठाऊक असल्याखेरीज रचना करण्याची त्यांना सवय नव्हती, आणि एचटीएमएलमध्ये रचनेची साधने जवळजवळ नव्हतीच. त्यांनी आकडेवारी मांडण्यासाठी असलेल्या तक्त्यांचा उपयोग पान बांधण्यासाठी केला, म्हणजे न दिसणाऱ्या रेषांचा एक तक्ता आखून त्याच्या चौकटींत बोधचिन्ह, यादी, मजकूर आणि जाहिरात बसवली. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ सालच्या पुस्तकाने ही पद्धत सर्वत्र पोहोचवली. एका पिक्सेलचे, म्हणजे स्क्रीनवरच्या एका बिंदूएवढे, पारदर्शक चित्र घेऊन ते हवे तितके ताणायचे आणि दोन घटकांत नेमके अंतर राखायचे, ही त्यातली युक्ती पुढे कित्येक वर्षे वापरात राहिली. त्या काळच्या साधनांचा विचार करता ही कारागिरी असामान्य होती हे मान्य करावे लागते, मात्र तिच्यामुळे पान एका ठरावीक रुंदीला जखडले गेले.

ही रुंदी बाजारातल्या मॉनिटरांबरोबर बदलत गेली. ८०० गुणिले ६०० पिक्सेलचे मॉनिटर प्रचलित होते तोवर पाने सुमारे ७६० पिक्सेल रुंद असत, आणि १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलचे मॉनिटर रुळल्यावर ९६० हा आकडा सर्वमान्य झाला. ९६० ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १५, १६ अशा अनेक संख्यांनी निःशेष भाग जात असल्यामुळे पानाचे समान स्तंभ पाडणे सोपे होई. २००८ साली नेथन स्मिथ यांनी याच आकड्यावर आधारलेली, १२ किंवा १६ स्तंभांची तयार चौकट उपलब्ध करून दिली आणि ती जगभर वापरली गेली. कामाची रीतही त्याला साजेशी होती. डिझायनर फोटोशॉपमध्ये पानाचे चित्र काढी, ग्राहक त्या चित्राला मान्यता देई, आणि नंतर ते चित्र कापून, म्हणजे कारागिरांच्या बोलीत स्लाइस करून, त्याचे एचटीएमएल बनवले जाई. परदेशी ग्राहकांकडून आलेल्या फोटोशॉप फाइलींचे असे रूपांतर करणे हा भारतातील अनेक लहान कार्यालयांचाही चरितार्थ होता, आणि अनेक तरुणांचा या व्यवसायातला प्रवेश याच कामातून झाला. मान्य झालेल्या चित्राशी तयार पान पिक्सेलाला पिक्सेल जुळले पाहिजे ही अट या कामात सर्वांत कडक असे, आणि रुंदी बदलली तर काय होईल हा प्रश्न विचारायला त्या रीतीत जागाच नव्हती.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर बरेच आधी सुचवले गेले होते. सर्नमध्येच काम करणाऱ्या होकॉन विउम ली या नॉर्वेजियन संशोधकाने ऑक्टोबर १९९४ मध्ये शैलीपत्रकाची कल्पना मांडली. पानातला मजकूर एकीकडे आणि त्याचे रंग, अक्षराकार, समास यांचे नियम दुसरीकडे ठेवावेत, असा तिचा आशय होता आणि तिच्यातूनच बर्ट बॉस यांच्या सहकार्याने पुढे सीएसएस ही नियमांची भाषा घडली. त्या पहिल्या प्रस्तावाच्या शेवटी एक छोटे उदाहरण होते : स्क्रीनची उंची ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर पानाने एका वृत्तपत्राची शैली घ्यावी आणि नसेल तर दुसऱ्या वृत्तपत्राची. यंत्राची मोजमापे विचारून मग शैली ठरवावी, हे आजच्या मोबाइलस्नेही रचनेचे मर्म त्या उदाहरणात आलेले आहे. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम या मानकसंस्थेने अधिकृत केली तेव्हा ते उदाहरण बाजूला राहिले होते. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत छपाई, स्क्रीन, हातात धरायचे यंत्र असे माध्यमांचे ढोबळ प्रकार सांगण्याची सोय आली. पण हातातल्या यंत्रांसाठी वेगळे शैलीपत्रक लिहिण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले, आणि जी शैलीपत्रके लिहिली गेली ती इतकी जुजबी असत की पुढच्या काळातल्या चांगल्या फोनांनी स्वतःची ओळख सरळ ‘स्क्रीन’ अशी सांगणेच पसंत केले.

दरम्यान फोन बनवणाऱ्यांनी वेगळाच मार्ग धरला होता. एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या चार कंपन्यांनी १९९७ मध्ये एकत्र येऊन वॅप या नावाने फोनसाठी निराळे वेबच उभारायला घेतले. त्याची पाने एचटीएमएलऐवजी डब्ल्यूएमएल या भाषेत लिहावी लागत. एका वेळी फोनवर दिसणाऱ्या मजकुराला, खेळातल्या पत्त्याप्रमाणे, पत्ता आणि एकत्र पाठवल्या जाणाऱ्या अशा अनेक पत्त्यांना जोड म्हणत, आणि मोबाइल कंपनीच्या मध्यस्थ संगणकातून, म्हणजे गेटवेतून, तो जोड संक्षिप्त रूपात फोनपर्यंत पोहोचे. १९९९ साली आलेल्या नोकिया ७११० या फोनची स्क्रीन ९६ गुणिले ६५ पिक्सेलची, दोनच छटांची होती, एका जोडाचा संक्षिप्त आकार जेमतेम १४०० बाइटच्या आत ठेवावा लागे, आणि जोडणी सेकंदाला ९६०० बिटांची असून तिचे पैसे मिनिटांवर मोजले जात. एवढ्या जागेत इंग्रजीचे एखाद-दुसरे वाक्य मावत असे. तरीही वॅप मागे पडण्याचे मूळ कारण स्क्रीनच्या लहानपणात नव्हते. आपले संकेतस्थळ दुसऱ्या भाषेत दुसऱ्यांदा लिहून काढायचे, ते वेगळे सांभाळायचे आणि त्याचा वाचक मात्र मूठभर, हा व्यवहार बहुतेक प्रकाशकांना परवडणारा नव्हता.

जपानमध्ये नेमक्या याच मुद्द्यावर वेगळा निर्णय झाला. एनटीटी डोकोमो या कंपनीची आय-मोड ही सेवा २२ फेब्रुवारी १९९९ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी एचटीएमएलचीच छाटलेली आवृत्ती निवडण्यात आली होती. तीत तक्ते, चौकटी आणि शैलीपत्रके नव्हती, पण ज्याला साधे वेबपान लिहिता येत असे त्याला आय-मोडचे पानही दुपारभरात लिहिता येई. पैसे मिनिटांऐवजी १२८ बाइटांच्या प्रत्येक पुडक्यामागे ०.३ येन असे घेतले जात, म्हणून वाचक घाईत नसे, आणि सशुल्क पानांची वसुली टेलिफोनच्या बिलातून होऊन डोकोमो त्यांतले ९ टक्के स्वतःकडे ठेवी. दीड वर्षात या सेवेचे एक कोटी ग्राहक झाले. शिगेताका कुरिता यांनी तिच्यासाठी १२ गुणिले १२ पिक्सेलांच्या चौकटीत काढलेली १७६ चिन्हे जगभरच्या इमोजींच्या पूर्वजांत मोडतात. जागा थोडी असेल तर शब्दाऐवजी चिन्ह वापरावे हा त्यामागचा विचार लहान स्क्रीनच्या रचनेत आजतागायत टिकून आहे.

व्यवसायात राहूनच व्यवसायाच्या सवयीवर बोट ठेवणारा पहिला प्रभावी लेख एप्रिल २००० मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेबनियतकालिकात प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील जॉन ऑलसॉप यांनी त्यात असे प्रतिपादन केले की छापील पानावर डिझायनरला असलेली सत्ता ही कागदाची मर्यादा आहे, वेबच्या लवचिकपणाला दोष समजून त्याच्याशी झगडण्यापेक्षा तो स्वीकारून रचना केली पाहिजे. या भूमिकेला त्यांनी चीनमधील ताओ विचाराचा आधार दिला. तो लेख पुष्कळ वाचला गेला, पण त्यातल्या तत्त्वाला कृतीचे रूप देणे तेव्हाच्या ब्राउझरांत अवघड होते, म्हणून पुढची काही वर्षे सुटे प्रयोग होत राहिले. पॅट्रिक ग्रिफिथ्स यांनी २००४ मध्ये सगळी मापे अक्षराच्या आकाराच्या पटीत देऊन असे पान बनवले की वाचकाने अक्षर मोठे केले तर सगळी रचनाच त्या प्रमाणात वाढावी. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील कॅमेरॉन ॲडम्स या तरुण डिझायनरने, जो पुढे कॅनव्हा या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला, जावास्क्रिप्टचा एक लहानसा कार्यक्रम लिहून खिडकीची रुंदी मोजली आणि तीनुसार शैलीपत्रकच बदलले. खिडकीचा कोपरा धरून ओढत गेले की वाचकाच्या डोळ्यांदेखत स्तंभांची मांडणी बदलत असे. फोनचा विचार त्यात मुख्य नव्हता, मॉनिटरांचे वाढते प्रकार हीच तेव्हाची अडचण होती. तथापि रुंदीनुसार मांडणी बदलण्याची यंत्रणा या प्रयोगात पूर्णपणे दिसते, आणि सहा वर्षांनी जे घडले त्याच्या पूर्वतयारीत त्याला मानाचे स्थान आहे.

मानकसंस्था याच सुमारास दुहेरी मनःस्थितीत होती. एकच वेब सर्व यंत्रांसाठी असावे हे तिचे तत्त्व कायम होते, परंतु जुलै २००८ मध्ये तिने मोबाइलसाठी ज्या उत्तम प्रथा जाहीर केल्या त्यांत गृहीत धरलेल्या किमान फोनची स्क्रीन १२० पिक्सेल रुंद होती आणि चित्रांसह संपूर्ण पान २० किलोबाइटच्या आत असावे अशी अपेक्षा होती. मोबाइलपुरत्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट मोबी’ हे स्वतंत्र नामक्षेत्रही २००६ पासून सर्वांना खुले झाले, तर कित्येक मोठ्या संस्थांनी आपल्या पत्त्याआधी ‘एम’ हे अक्षर लावून फोनसाठी पानांचा वेगळा, कमी मजकुराचा संच ठेवला. फोनवर वाचणाऱ्याला थोडेच हवे असते, हे या सगळ्यामागचे गृहीतक होते.

भारतात हे गृहीतक किती उणे होते ते ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या प्रसारावरून कळते. नॉर्वेतील ऑपेरा कंपनीने जानेवारी २००६ मध्ये तो जगभर उपलब्ध केला. त्यात पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडे, तिथे ते लहान स्क्रीनच्या मापाने लावले जाई आणि दाबून हलके केलेले रूप फोनवर येई, त्यामुळे बटणांच्या साध्या फोनवरही पूर्ण वेब वाचणे शक्य झाले. खाजगी कंपन्यांना थ्रीजी सेवा देता आली ती २०१० च्या लिलावानंतर. तोवर मंद जोडणीवर आणि मोजून घेतलेल्या डेटावर वाचणाऱ्यांना या ब्राउझरने फार मोठा आधार दिला. मराठी वाचकाची अडचण मात्र आणखी खोल होती. त्या काळातली अनेक मराठी संकेतस्थळे युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांसाठीचा समान अक्षरसंकेत रूढ होण्याआधीच्या, फॉन्टांवर चालत. या फॉन्टांत रोमन अक्षराच्या सांकेतिक जागेवर देवनागरी आकृती बसवलेली असे, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मराठीऐवजी रोमन चिन्हांची निरर्थक रांग दिसे. पानाबरोबर फॉन्ट पाठवण्याची तेव्हाची युक्ती ठरावीक डेस्कटॉप ब्राउझरांतच चाले आणि फोनवर ती निरुपयोगी होती. युनिकोडमधली पानेही फोनवर चौकोनांच्या रूपात उमटत, कारण फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नसे. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा’, अपूर्णविराम (:) आणि ‘कॉन्फिग’ असे टंकले की एक दडलेली यादी उघडे. तिच्या तळाशी गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी अक्षरांऐवजी चित्रे वापरण्याचा पर्याय होता, आणि तो निवडला की सर्व्हर देवनागरी मजकुराची चित्रे करून पाठवी. मग ज्या फोनला देवनागरीचे एक अक्षर ठाऊक नाही त्यावरही ज्ञानेश्वरीपासून बातमीपर्यंत सारे वाचता येऊ लागले. ही वाट कोणी जाहिरात करून सांगितली नव्हती. वाचकांनी ती एकमेकांना सांगितली.

जून २००७ मध्ये विक्रीला आलेल्या आयफोनची स्क्रीन ३२० गुणिले ४८० पिक्सेलची होती आणि त्यातल्या ब्राउझरने फोनसाठीचे वेगळे वेब नाकारून सगळे पान जसेच्या तसे दाखवण्याचे ठरवले. त्यासाठी त्याने आपली रुंदी ९८० पिक्सेल आहे असे पानाला सांगितले आणि मांडलेले पान सुमारे एक तृतीयांश करून दाखवले. त्यामुळे १३ पिक्सेलांचे अक्षर जेमतेम ४ पिक्सेलांचे दिसे आणि वाचकाला बोटांनी पान मोठे करून ते डावी-उजवीकडे सरकवत वाचावे लागे. याच ब्राउझरने पानाच्या शिरोभागात लिहायची एक सूचनाही आणली, जिच्यामुळे पान फोनची खरी रुंदी स्वीकारू शकते. ही एक ओळ आज जवळजवळ प्रत्येक वेबपानात आढळते. बांधलेल्या पानांना सांभाळून घेणारी नकली रुंदी आणि वाहत्या पानांना मोकळीक देणारी खरी रुंदी या दोन्ही वाटा एकाच यंत्राने खुल्या केल्या, त्यांतली दुसरी निवडायची कशी हे मात्र डिझायनरांना शोधून काढावे लागले.

बॉस्टनचे डिझायनर ईथन मार्कोट यांनी हा शोध पूर्णत्वाला नेला. मार्च २००९ मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’मधील लेखात त्यांनी पिक्सेलांत आखलेली स्तंभरचना टक्केवारीत बदलण्याचे साधे सूत्र दिले : घटकाच्या मापाला तो ज्या पात्रात बसतो त्याच्या मापाने भागावे. ९६० पिक्सेलच्या पानातला ९०० पिक्सेलचा विभाग भागाकाराने ९३.७५ टक्के ठरतो, आणि पान कितीही आकसले तरी हे नाते अबाधित राहते. २५ मे २०१० रोजी त्याच नियतकालिकात आलेल्या त्यांच्या दुसऱ्या लेखाने प्रतिसादी वेबरचना हे नाव आणि तिची तीन अंगे निश्चित केली. पहिले अंग टक्केवारीतली स्तंभरचना. दुसरे, चित्राने आपल्या पात्राहून रुंद होऊ नये असा सीएसएसचा एका ओळीचा नियम, ज्याचे प्रयोग इंग्लंडमधील रिचर्ड रटर यांनी आधी केले होते. आणि तिसरे, माध्यमपृच्छा, म्हणजे ‘रुंदी ६०० पिक्सेलपेक्षा कमी असेल तरच पुढचे नियम लागू करा’ अशा अटी. लेखासोबत शेरलॉक होम्सच्या विश्वातील एका काल्पनिक नियतकालिकाचे पान नमुना म्हणून दिले होते. त्यात सहा व्यक्तिरेखांचे चेहरे सामान्य रुंदीला एका ओळीत तीन असे दिसत, ४०० पिक्सेलच्या आत ते दोन-दोन होत आणि १३०० पिक्सेलच्या पुढे सहाही एका रांगेत येत. त्या पानाच्या शैलीपत्रकातील टक्केवारी दशांश चिन्हापुढे पंधरा-वीस अंकांपर्यंत तशीच ठेवलेली होती. भागाकाराचे उत्तर पूर्णांकात आणले तर स्तंभ थोडा वाढून खालच्या ओळीवर जाण्याचा धोका असतो, हे प्रत्यक्ष काम केलेल्या माणसालाच कळते.

यातले एकही अंग नवे नव्हते. माध्यमपृच्छांचा मसुदा २००१ पासून मानकसंस्थेच्या दफ्तरात होता आणि त्याला अंतिम मान्यता मिळाली ती १९ जून २०१२ रोजी, म्हणजे जगाने ती वापरायला सुरुवात केल्यानंतर. मार्कोट यांचे श्रेय असे की त्यांनी विखुरलेल्या युक्त्यांची एक शिकवता येण्याजोगी कार्यपद्धती बनवली. व्यवसायाचा इतिहास अशा जुळवणीने पुढे सरकतो आणि तिला शोधाइतकाच मान दिला पाहिजे. सप्टेंबर २०११ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाचे संकेतस्थळ फिलामेंट ग्रुप, अपस्टेटमेंट आणि स्वतः मार्कोट यांच्या सहभागाने या पद्धतीत उभे राहिले, तेव्हा रोज शेकडो मजकूर सांभाळणाऱ्या संस्थेलाही ती पेलते हे दिसून आले.

तरीही पद्धतीचे दोष लवकरच ध्यानात आले. ऑगस्ट २०१० मध्येच जेसन ग्रिग्स्बी यांनी दाखवून दिले की मोठे चित्र फोनवर लहान दिसले किंवा लपवले तरी ते पूर्णच डाउनलोड होते, म्हणजे दिसायला हलके झालेले पान वजनाला तेवढेच राहते. ब्रायन रीगर यांनी त्यावर क्रमच उलटा करण्याचा उपाय सांगितला : सर्वांत साध्या फोनसाठी पान आधी लिहावे आणि रुंदी वाढेल तसे त्यात घालत जावे, म्हणजे ज्या ब्राउझरला माध्यमपृच्छा कळतच नाही त्यालाही वाचण्याजोगे काही मिळते. ल्यूक व्रोब्लेव्स्की यांनी २००९ पासून मांडलेला ‘मोबाइल आधी’ हा विचार याला पूरक ठरला. ३२० पिक्सेलांत काय राहील हे ठरवताना संस्थेला आपल्या पानावरचा अनावश्यक पसारा उघड्या डोळ्यांनी पाहावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. चित्रांचा प्रश्न मात्र ब्राउझर बनवणाऱ्यांच्या सहकार्याशिवाय सुटणारा नव्हता. एकाच चित्राच्या अनेक प्रती देऊन त्यांतली योग्य ती ब्राउझरने उचलावी अशी सोय एचटीएमएलमध्ये आणण्यासाठी मॅट मार्क्विस आणि इतर डिझायनर २०१२ पासून एक गट करून झटत होते. शेवटी २०१४ साली लोकवर्गणी काढून योआव वाइस या प्रोग्रामरला वेळ मिळवून देण्यात आला, त्याने क्रोमच्या गाभ्यात ती सोय लिहिली आणि ऑक्टोबर २०१४ च्या आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. वापरणाऱ्या कारागिरांनीच पैसे गोळा करून आपले हत्यार घडवून घेतल्याचे इतके स्पष्ट उदाहरण वेबच्या इतिहासात विरळा आहे.

पुढचा प्रसार वेगाने झाला. ट्विटरमधील मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली बूटस्ट्रॅप ही तयार घटकांची चौकट २०१३ पासून मोबाइल आधी या क्रमाने लिहिली गेली, आणि लहान संस्थांनाही फारसे न शिकता प्रतिसादी पान मिळू लागले. २१ एप्रिल २०१५ पासून गुगलने फोनवर शोध घेणाऱ्यांपुढे मोबाइलस्नेही पानांना वरचे स्थान द्यायला सुरुवात केली, तेव्हा जे तत्त्वाने पटले नव्हते ते धंद्याच्या गरजेने मान्य झाले. त्याच वर्षी गुगलनेच एएमपी नावाने मोबाइल पानांची वेगळी, नियंत्रित भाषा आणली. प्रकाशकांना पुन्हा दुसरी प्रत लिहायला लावणारा तो वॅपचाच मार्ग होता, आणि २०२१ मध्ये गुगल शोधातील ठळक बातम्यांत दिसण्यासाठीची तिची सक्ती मागे घेतली गेल्यावर तिचे महत्त्व ओसरले. २०१७ च्या मार्चमध्ये प्रमुख ब्राउझरांत आलेल्या ग्रिड या रचनापद्धतीने टक्केवारीच्या लांबलचक अंकांची गरज संपवली, तर पानाऐवजी घटक ज्या पात्रात आहे त्याची रुंदी विचारणारी पात्रपृच्छा फेब्रुवारी २०२३ पर्यंत सर्व मुख्य ब्राउझरांत पोहोचली.

स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार भारतात फोनवरून होणारा वेबचा वापर २०१२ च्या मध्याच्या सुमारास संगणकावरच्या वापराला मागे टाकून गेला, तर जगाच्या पातळीवर, फोन आणि टॅब्लेट मिळून, ही वेळ ऑक्टोबर २०१६ मध्ये आली. म्हणजे मराठी वाचक हा या व्यवसायाचा उशिरा आलेला पाहुणा नसून प्रमुख ग्राहक आहे. असे असूनही ज्या चौकटींवर बहुतेक मराठी पाने उभी आहेत त्या रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडलेल्या आहेत, आणि अरुंद स्क्रीनवर हा फरक अधिक जाणवतो. इंग्रजी शीर्षकाला डौल यावा म्हणून अक्षरांत अंतर सोडण्याचा नियम लावलेला असतो. तोच मराठी शीर्षकाला लागला की शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. बटणाची उंची पिक्सेलांत बांधलेली असेल तर ‘पूर्ण’मधला रफार वरून आणि दीर्घ उकार खालून कापला जातो. इंग्रजीला पुरेसे वाटणारे ओळींमधले अंतर वेलांट्या-उकारांच्या गर्दीत अपुरे पडते, आणि विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडूनच येत असल्याने ‘महानगरपालिकेच्या’सारखा एकच शब्द अरुंद स्तंभाची अर्धी ओळ व्यापतो, अशा स्तंभात दोन्ही कडा जुळवण्याचा आग्रह धरला तर शब्दांमध्ये मोठाली भगदाडे पडतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाने घडवलेला मुक्ता फॉन्ट मोफत उपलब्ध झाल्यापासून स्क्रीनवर स्वच्छ उमटणारी देवनागरी मिळाली, तरी जोडाक्षरांच्या शेकडो आकृतींमुळे देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा जड राहतो आणि मंद जोडणीवर तो येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टवर भागवावे लागते. त्या दोन्हींची मापे वेगळी असली तर वाचता वाचता ओळी हलतात. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, आणि फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतील तर त्यांतले मराठी वळण वापरायचे हे ब्राउझरला कळण्यासाठी पानाच्या पहिल्या खुणेत भाषा मराठी असल्याचे दोन अक्षरांचे चिन्ह द्यावे लागते. परदेशातून आलेल्या तयार साच्यात त्या जागी इंग्रजीचे चिन्ह आधीच लिहिलेले असते आणि ते पुष्कळदा तसेच राहून जाते, म्हणून मराठी संकेतस्थळाचे काम हाती घेणाऱ्या डिझायनराने साच्यातली ती ओळ सर्वांत आधी बदलावी, त्यानंतर अक्षरांमधले अंतर शून्यावर आणावे आणि बटणांची बांधलेली उंची काढून टाकावी.